अकरा चाव्यांचा सत्कार

१४ नोव्हेंबर २०२५

पतसंस्थेनं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी होती. एका पानावर गॅस एजन्सीचा नंबर आणि एका पानावर वर्गातल्या पोरानं काढलेला माझाच चेहरा, एवढंच. आज मात्र डोक्यात इतकं उसळतंय की कुठेतरी ओतलंच पाहिजे. सत्यशीलेला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "आधी जेवून घ्या, मग क्रांती करा."

सकाळी नदीवर अमृतचा दहावा झाला. अमृत म्हणजे विधवा छबूबाईंचा एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. चौथीला माझ्याच वर्गात होता. दहा दिवसांपूर्वी मित्राच्या हळदीत नाचला, प्यायला, मोटारसायकलला किक मारली आणि फाट्याच्या पुलावर गेला.

त्या हळदीत माइकवर मी होतो. नोकरीनं मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, पण पंचक्रोशी मला ओळखते ती निवेदक म्हणून. साखरपुडा, हळद, लग्न, सेवापूर्ती, दहावा, सगळीकडे गहिनीनाथ गुरुजींचाच आवाज. त्या संध्याकाळी "नवरदेवाचे जिवलग मित्र, युवकांचं आशास्थान अमृतशेठ" असं मीच म्हणालो होतो. आज त्याच अमृतला श्रद्धांजलीही मीच वाहिली. अर्धा घाट रडला. प्रवचनकार महाराजांनी उपरण्यानं डोळे पुसले. बोलून खाली आलो तेव्हा आपलं भाषण जमलं याचा मला आनंद झाला होता, ते इथे कबूल करायला हरकत नाही.

बाभळीखाली राहीअक्का उभी होती. माझी थोरली बहीण. म्हणाली, "नाथा, हळदीतबी तूच बोल्लास, दहाव्यालाबी तूच. मधी कोन बोल्लं?"

मी खिशातली भाषणाची चिठ्ठी उगाच दुमडत राहिलो.

मग ती हळूच म्हणाली, "फेब्रुवारीत पंकजाचं लगीन हाय. तिच्या बापानं कन्यादानाला उभं रहावं, एवढंच मला पायजे. तुझ्या बोलन्यानं घाट रडतो ना? मग एवढा एक मानूस वळव." हा माणूस म्हणजे आमचे दाजी, छगनराव. कारखान्यात फिटर, हातात कला, वागायला सोन्यासारखे, पण हळद, पगार, मॅच, काहीही असलं की पितात आणि पिऊन बारा किलोमीटर गाडी चालवत घरी जातात. मागच्या सीटवर अक्का.

मी ठरवलं आहे. उद्यापासून अभियान. नावही तयार आहे: कै. अमृत स्मृती मद्यमुक्त वाहनचालक जनजागृती व जीवनरक्षण अभियान. सत्यशीला म्हणाली, "एवढं नाव घेईपर्यंत पिणारा पुलावर पोचंल."

१६ नोव्हेंबर

काम झपाट्यानं चाललं आहे. योजना अशी: हळदीच्या मांडवात एक पेटी ठेवायची. ज्यानं घेतली त्यानं गाडीची चावी पेटीत टाकायची आणि आमच्या गाडीतून फुकट घरी जायचं. सकाळी येऊन चावी न्यायची. पेटीसाठी शाळेची तक्रारपेटी घेतली. ती उघडून दाखवा असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. उघडली तर आत एक तक्रार निघाली, सहा वर्षांपूर्वीची, माझ्याविरुद्ध. गुरुजी प्रार्थनेनंतर फार वेळ बोलतात. ती फाडून टाकली आणि पेटीला पिवळा रंग दिला.

गाडी सत्तारभाईंची. त्यांची क्रूझर गेली वीस वर्षं सुपा ते आमचं गाव अशी सीट भरते. मी हात जोडून गेलो होतो, निम्मं भाषण पाठ करून. त्यांनी मला दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

"गुरुजी, अमृत माझ्याच गाडीनं कॉलेजला जायचा. मी दारूला हात लावत न्हाई, पन दारूवाल्याला हात धरून बसवायला मला कुनी मना केलं न्हाई. एकच हाय. गाडीत कुनी ओकलं तर धुवायचं तुमी."

मी लगेच हो म्हणालो. अशा वेळी माणसानं तपशिलात जाऊ नये.

२३ नोव्हेंबर, सकाळ

अकरा चाव्या. अकरा.

काल सरपंचांच्या पुतण्याची हळद. मी डीजे बंद करायला लावला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, तरी मी माइक सोडला नाही. अमृतवर बोललो, आईवर बोललो, मागच्या सीटवरच्या बायकोवर बोललो. वीस मिनिटं. शेवटी पेटी उचलून म्हणालो, "लोखंडाची चावी टाका, सोन्यासारखा जीव घेऊन जा." हे मला तिथल्या तिथे सुचलं.

पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग मांडवाच्या कडेनं दाजी आले. होय, दाजी. कुणाकडे न बघता पेटीत चावी टाकली आणि क्रूझरमध्ये जाऊन बसले. मागोमाग दहा जण. अक्का दाजींच्या शेजारी बसली तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आईची आठवण आली. सत्तारभाईंनी तीन फेऱ्या केल्या. कुणी ओकलं नाही.

रात्रभर झोप नाही. एका भाषणात दाजी वळले. आता सुपा, मग पारनेर तालुका, मग नगर जिल्हा. जिल्हाधिकारी साहेबांसमोर बोलायची वेळ आली तर कुठला शर्ट घालायचा हेसुद्धा ठरवून झालं.

आणि पहाटे एक कल्पना सुचली. चांगलं काम केलं तर सत्कार व्हायलाच हवा. आज दुपारी लग्न आहे, अख्खी पंचक्रोशी असणार. मंगलाष्टकांच्या आधी या अकराही जणांचा टॉवेल, टोपी, नारळ देऊन जाहीर सत्कार. सत्यशीलेला सांगितलं तर तिचा पोळीवरचा हात थांबला. "अहो, कशाला? चावी दिली, घरी गेले, झालं की." सार्वजनिक कामातलं तिला कळत नाही, त्याला ती तरी काय करणार.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ

सत्कार झाला. थोडा विस्कळीत झाला, पण झाला.

मी एकेकाचं नाव घेत होतो. "ज्यांनी काल मद्यप्राशन केलेलं असतानाही प्रामाणिकपणे चावी जमा केली, ते..." अशी सुरुवात. अकरापैकी चौघे स्टेजवर आले. त्यातल्या दोघांनी टोपी घातली नाही, हातात घेऊनच खाली उतरले. एकाच्या वडिलांनी त्याला स्टेजच्या मागे नेलं, काहीतरी घरगुती काम असावं.

दाजींचं नाव मी शेवटी राखून ठेवलं होतं. "या अभियानाचे पहिले मानकरी, माझे स्वतःचे दाजी, छगनराव." टाळ्यांसाठी थांबलो. टाळ्या आल्या नाहीत. दाजी पाण्याच्या टँकरपाशी उभे होते, तिथून ते आलेच नाहीत. माणूस मुळात लाजाळू. तिसऱ्या रांगेत पंकजाच्या सासरची मंडळी बसली होती, होणारे व्याही, विहीणबाई आणि जावईबापूंचे चुलते. ते आपसांत काही बोलत होते. पाहुण्यांवरही चांगली छाप पडली असणार.

अक्का न जेवता निघून गेली. बहुधा एसटीची वेळ झाली असेल.

पुढच्या वेळी टॉवेल-टोपीऐवजी शाल ठेवावी काय? टोपीमुळे तरुणांना संकोच होतो असं दिसलं.

२६ नोव्हेंबर

अक्का आली होती. माझ्याशी बोललीच नाही, थेट स्वयंपाकघरात सत्यशीलेपाशी गेली. मी ओट्यावर वह्या तपासत होतो, दार उघडंच होतं.

व्याह्यांचा फोन आला होता. लग्न मोडलं नाही, पण त्यांनी विचारलं, "मुलीचे वडील रोजच घेत्यात का?" पंकजा दोन दिवस नीट जेवलेली नाही. दाजी घरात कुणाशी बोलत नाहीत. एवढंच म्हणाले म्हणे, "आता त्याच्या पेटीत चावी टाकनार न्हाई. मेलो तरी."

जाताना अक्का दारात थांबली. मला वाटलं ओरडेल. तिनं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, लहानपणी शाळेत जाताना लावायची तसं, आणि गेली. तिनं ओरडायला हवं होतं.

मी अजूनही म्हणतो, यात चुकलं काय? मी कुणाची निंदा केली का? गौरवच केला. लोकांना प्रामाणिकपणा पचत नाही हेच खरं.

३० नोव्हेंबर

आज दुसरी हळद. भाषण पंचवीस मिनिटं, पहिल्यापेक्षा सरस. पेटीत एकच चावी पडली, आणि ती लोखंडी कपाटाची निघाली. कुणीतरी थट्टा केली. एक पोरगा जाता जाता म्हणाला, "गुरुजी, नारळ नको, टोपी नको. आमची आमी जातो." मांडवामागून गाड्या निघाल्याचे आवाज येत होते, एकामागून एक, आणि मी पेटी धरून उभा.

सत्तारभाई रिकामी गाडी घेऊन परत निघाले. म्हणाले, "हॉर्नबी वाजवावासा वाटना, गुरुजी." मग काचेतून डोकं बाहेर काढून, "एक सांगू? रमजानच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एखाद्यानं रोजा ठिवला न्हाई, तर त्याचं नाव कुनी भोंग्यावरनं पुकारत न्हाई. त्याचं त्यो आन् अल्ला बघून घेतात."

मला राग आला. घरी आल्यावर तो राग कशाचा होता ते नीट आठवेना.

८ डिसेंबर

दाजी पडले.

कारखान्यातल्या एकाच्या हळदीहून निघाले होते. अक्काला कळलं की पिऊन आहेत. ती म्हणाली, मी मागं बसनार न्हाई. दाजी म्हणाले, नको बसू. ती चालत निघाली. पाच किलोमीटर चालली, आणि पुलाच्या अलीकडे तिला गाडी रस्त्यात आडवी दिसली. त्याच पुलाच्या. त्या पाच किलोमीटरचं ती काही बोलत नाही, आणि मला विचारायची हिंमत नाही.

नगरच्या दवाखान्यात आहेत. खांद्याचं हाड आणि डावा हात. डोक्याला सात टाके. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. पंकजा बाकावर बसून होती, मेंदी लावायचे हात मांडीत घेऊन. माझ्याकडे बघून "मामा" म्हणाली आणि पुन्हा तळहातांकडे पाहू लागली.

रस्त्यात मोठा खड्डा होता. ग्रामपंचायतीला निवेदन द्यायला हवं.

९ डिसेंबर

खड्डा नव्हता. काल मी खोटं लिहिलं. स्वतःच्याच डायरीत कुणाला फसवत होतो, कोण जाणे.

आज दाजींपाशी एकटा बसलो होतो. डोक्याला पट्टी, हात गळ्यात. छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मेव्हणे, त्या दिवशी मी चावी दिली हुती ना?"

"दिली होती, दाजी."

"दुसऱ्या कुनी द्यायच्या आधी दिली हुती?"

"सगळ्यांच्या आधी."

"मग?"

बास, एवढंच. मी आयुष्यात हजारो कार्यक्रमांत बोललो असेन, पण या एका शब्दावर मला काही बोलता आलं नाही. तो माणूस भाषणानं वळला नव्हता. अमृतची तिरडी त्यानं खांद्यावर घेतली होती, तो आधीच वळलेला होता. गुपचूप येऊन चावी टाकून गेला, आणि मी त्याला स्टेजवरून हाक मारून पंचक्रोशीला दाखवलं की बघा, हा पितो. वर नारळ घेऊन उभा राहिलो.

मला माझी लाज वाटते. पिवळी पेटी शाळेत परत ठेवून आलो.

१८ जानेवारी २०२६

चाळीस दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतंच. दोन लग्नांची आमंत्रणं होती, घसा बसल्याचं सांगून टाळली. दाजी घरी आले आहेत, हात अजून पट्ट्यात. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

पण आज हात शिवशिवतोय. आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुरुषांना मज्जाव. मी मागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग करत होतो. साठ-सत्तर बायका, आणि मध्ये अक्का. तिनं सांगितलं ते असं:

"आपले पुरुष पेटीत चावी का टाकत न्हाईत? टाकली की कळतं, ह्यानं घेतलीय. मग सगळ्यांनीच टाकायची. घेनारानं, न घेनारानं, माळकऱ्यानं, सरपंचानं, सगळ्यांनी. देवळात जाताना चपला काढतो, कुनाच्या चपला मळल्यात ते कुनी बघत न्हाई. मांडवात पाय ठिवायचा तर चावी बाहेर. दारात आपुन बसायचं. सकाळी न्यायची. जाताना सगळ्यांनी क्रूझरमधी बसायचं, न्हाईतर ज्यानं घेतली न्हाई त्याची चावी त्याच्या बायकोच्या हातात द्यायची. आपल्याला समद्यांना म्हाईत हाय कुनी घेतली ते. ते माइकवर सांगायची गरज न्हाई."

बायका इतक्या हसल्या की मलाही हसू आलं आणि वर्तमानपत्र खाली पडलं. यंदाचं वाणही निराळं होतं. लुटलं काय, तर दोरा बांधलेले पत्र्याचे बिल्ले, प्रत्येकावर नंबर. चाव्यांना अडकवायला. ते बिल्ले सत्यशीलेनं महिनाभर माझ्या डोळ्यांदेखत घरात बसून केले. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, "शाळेच्या प्रदर्शनासाठी." मी शाळेत शिकवतो. प्रदर्शन आहे की नाही हे मला माहीत नको?

मग मागून एक आवाज आला. छबूबाई. मुलगा गेल्यापासून ती कुणाच्या घरी गेली नव्हती, आज आली, पण उंबऱ्याबाहेरच बसली. म्हणाली, "दारात मी बसते. मी तशीबी आत येनार न्हाई. माझ्या म्होरनं चावी खिशात ठिवून कोन जातो ते बघू."

मग सत्यशीलेनं बाहेर जाऊन तिला हळदकुंकू लावलं आणि आत आणलं. चारपाच जणींनी एकमेकींकडे पाहिलं, पण कुणी उठून गेलं नाही.

पहिला प्रयोग पंकजाच्याच हळदीत. मला इतकं उचंबळून आलंय की उठून एकट्यानं अंगणात दोन चकरा मारल्या.

५ फेब्रुवारी

एक विचित्र गोष्ट झाली.

सत्यशीला सहज म्हणाली, "परवा दारात पहिली चावी तुमची."

मी म्हणालो, "माझी कशाला?"

"मग कुणाची?"

मी तिला समजावून सांगितलं. पंचवीस वर्षं माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी चहातसुद्धा साखर कमी घेतो. क्रूझरचं नाव आता सगळ्या पंचक्रोशीत "दारुड्यांची गाडी" पडलंय. त्यात मी बसलो, आणि कुणी फोटो काढला, तर? शाळेतली पोरं काय म्हणतील? अधिकारी काय म्हणतील? मी हवं तर निवेदन करतो, की चावी सर्वांनीच ठेवायची आहे, गुरुजी पीत नाहीत, पण आदर्श म्हणून...

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुमची अब्रू अब्रू. आणि दाजींची?"

मी उठून वह्या तपासायला बसलो. त्या कालच तपासून झाल्या होत्या.

८ फेब्रुवारी, पहाट

काल हळद झाली. सुप्याच्या मंगल कार्यालयात. कसं लिहू.

कमानीखाली पाट टाकून छबूबाई बसली होती, पुढ्यात पितळी परात. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला सत्यशीला बिल्ल्यांची पिशवी घेऊन. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा कमानीबाहेर पन्नासेक पुरुष घोळका करून उभे होते. आत कुणीच जात नव्हतं. परात रिकामी. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. सत्तारभाईंनी क्रूझरची चावी ठेवायला काढली, तर सगळे हसले, "तुमी ठिवली तर गाडी कोन चालवनार?"

आणि घोळक्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, दाजी. मोटारसायकलवर बसलेले. डॉक्टरांनी अजून महिनाभर गाडी नको सांगितलंय, तरी हात पट्ट्यातून काढून चालवत आले होते. घरी जनावरं आहेत, त्यांचं चारापाणी करायला परत गावी जायचं होतं, पहाटे पुन्हा यायचं. म्हणजे बारा किलोमीटर, तोच पूल. पोरीच्या हळदीत बापाला पाजणारे दहा जण असतात. अक्का परातीकडे बघत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या मोटारसायकलकडे होतं, हे मला लांबूनही कळत होतं.

व्याही मंडळी आली. कमानीपाशी थबकली. विचारू लागली, हे काय आहे?

माझ्या हातात माइक होता. कार्यालयाच्या पोरानं आल्या आल्या दिला होता, सवयीनं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. वाक्यं तयार होती, एकाहून एक. मी माझी बाजू पहिल्या वाक्यात सांभाळून घेतली असती आणि टाळ्याही मिळवल्या असत्या. दाजी मान वर करून माझ्याकडे बघत होते. आता हा काय बोलतो, कुणाचं नाव घेतो, असं.

मी माइक बंद केला आणि खुर्चीवर ठेवला. खिशातून चावी काढली. खरंच पिऊन आल्यासारखं आधी इकडेतिकडे पाहिलं. परातीत चावी टाकली. पितळेवर जोरात आवाज झाला.

छबूबाईनं वर पाहिलं. "गुरुजी, तुमीबी?"

घोळक्यात खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "आयला, गुरुजीसुदीक." तोंडाशी आलं होतं, की नाही हो, मी घेत नाही. ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं.

"हो," मी म्हणालो, "नंबर द्या."

सत्यशीलेनं माझ्या चावीला पहिला बिल्ला बांधला. बांधताना तिनं माझं बोट दाबलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत माझं बोट दाबल्याचं मला आठवत नाही.

मग सरपंच आले. मग महाराज, तेही माळकरी. मग धडाधडा. व्याह्यांनी स्वतः चारचाकीची चावी काढली. परातीत आवाज थांबेना. माझ्या कोणत्याही भाषणाला एवढा वेळ टाळ्या पडलेल्या नाहीत. मी मोजत होतो, तेहेतीस, चौतीस, आणि मध्येच दाजींचा पट्ट्यातला हात दिसला. उजव्या हातानं चावी टाकत होते. अक्कानं मान खाली घालून बिल्ला बांधला, गाठ तिला दोनदा सुटली.

एकूण त्रेपन्न. कुणी घेतली, कुणी नाही, मला ठाऊक नाही, आणि हे मी लिहितोय याचा मला इतका आनंद होतोय.

येताना क्रूझरमध्ये दाजी माझ्या शेजारी. वास येतोय का हे बघण्याचा मोह झाला. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. पूल ओलांडताना सत्तारभाईंनी गाडी हळू केली. पूल संपल्यावर दाजी म्हणाले, "मेव्हणे, आज मी घेतलेली न्हाई."

"मी विचारलं नाही, दाजी."

"म्हनूनच सांगतोय."

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

लग्न लागलं. माइकवर दुसरा निवेदक होता. त्यानं पाहुण्यांची नावं चुकवली, मी दातओठ खाऊन गप्प बसलो. मी आज मामा होतो. पंकजाला बोहल्यावर आणलं. दाजी पहाटे जनावरांचं उरकून वेळेवर आले होते, पट्ट्यातला हात फेट्याच्या रंगाच्या उपरण्याखाली झाकून अक्काच्या शेजारी कन्यादानाला उभे राहिले. पाणी सोडताना डावा हात उचलेना. अक्कानं खालून धरला. मी पंकजाच्या मागे उभा होतो आणि मला समोरचं काही दिसेना. फेट्याचं टोक डोळ्यांवर आलं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

पाठवणीच्या वेळी व्याही दाजींपाशी आले. जरा आडून आडूनच सुचवलं, तब्येतीला जपा, ते दुसरं जरा कमी करा वगैरे. आजूबाजूला भावकी उभी. दाजींचा चेहरा उतरू लागला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला एक जुनी चमक दिसली, माझ्या लग्नात त्यांनी माझे बूट लपवले होते तेव्हाची. माझ्या खांद्यावर हात टाकून ते व्याह्यांना म्हणाले, "माझं सोडा पाव्हनं. मी तर कमी केलीच. ह्यांना जरा सांगा. काल पयली चावी ह्यांचीच हुती, तुमी बघितलीच. लई पितात गुरुजी. घरात बोलून कुनाचं ऐकत न्हाईत."

भावकीतला एकजण खोकला. अक्कानं पदर तोंडात कोंबला. सत्यशीला हसू दाबत मांडवाच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली.

व्याह्यांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. फार वाईट वाटलं त्यांना. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "सोडा आता, गुरुजी. मास्तर मानूस तुमी."

मी मान खाली घातली.

"प्रयत्न करतो," मी म्हणालो.